दातांच्या लिस्टवर पोटाची गोष्ट

ताई दात बनवायच्या. वर दवाखान्यात डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचा, ते गुलाबी रबरी माप पिशवीतून खाली तळघरातल्या लॅबमध्ये यायचं आणि तिथून पुढे ताईंचं राज्य सुरू व्हायचं. प्लास्टरचा साचा, त्यावर मेणाचा दात, मग धातू, मग सिरॅमिकचे पातळ थर, मग भट्टी. ज्याच्या तोंडात तो दात बसायचा, त्याला ताई जन्मात दिसायच्या नाहीत. "आमचं काम लोकांच्या तोंडी असतं, पण नाव कुणाच्या तोंडी नसतं," असं त्या म्हणायच्या. हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला होता की घरात आता त्यावर कुणी हसत नसे.

पण सगळे त्यांना ओळखायचे ते 'लिस्टवाल्या ताई' म्हणून. दात बनवणाऱ्यांची एक मेलिंग लिस्ट होती आणि ती ताई सांभाळायच्या. नवऱ्याला त्यांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याला हसून हसून ठसका लागला होता. "दातवाले एकमेकांना लिहितात तरी काय गं? आज मी दाढ केली, तू काय केलंस?"

खरं तर अगदी तेच लिहायचे. कुणाची कॅप भट्टीतून काढताक्षणी तडकायची, तो फोटो टाकायचा. दुपारपर्यंत चारी दिशांनी उत्तरं यायची की बाबा, तू ती फार घाईने थंड करतोस. कुणी विचारायचा, म्हाताऱ्या माणसाचा दात करायचा आहे, पिवळेपणा कुठे आणि किती भरू? असे दूरदूरच्या गावांतले, कुठल्या ना कुठल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत दिव्याखाली मान घालून बसणारे लोक या लिस्टवर भेटायचे. त्यांचा गप्पांचा कट्टा म्हणजे तोच.

लिस्ट सुरू केली होती मास्तरांनी. ताईंना आणि आणखी कित्येकांना हे काम शिकवणारे ते हेच. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी लिस्ट ताईंच्या हवाली केली आणि एकच नियम बजावून सांगितला: "इथे दातांबद्दल बोलायचं, पोटाबद्दल नाही." म्हणजे जाहिराती नाहीत, नोकऱ्या नाहीत, 'माणूस पाहिजे' नाही, 'काम पाहिजे' नाही. ताईंनी तो नियम डोळ्यांत तेल घालून पाळला. नव्या सभासदाचा मेल आधी ताईंकडे येऊन थांबायचा. त्यांनी 'मंजूर' दाबलं की मगच सगळ्यांना जायचा. जुन्या सभासदांचे मेल मात्र थेट जायचे, आणि कुणीही दिलेलं उत्तर आपोआप सगळ्यांना पोचायचं. तशी सोय मास्तरांनीच करून ठेवली होती. एकाला सांगितलेलं दहा जणांच्या कामी यावं म्हणून.

ताईंचा स्वभाव मुळातच काळजीचा. घराचं कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेल्या की परत येऊन ओढून बघणार. एखादा मेल मंजूर केला की तासभर एकच घोर: कुणाला लागेल का, कुणी भांडेल का. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "आपलं दोघांचं एकच काम. लिफ्ट अडकली की मला बोलावतात, मेल अडकला की तुला. फरक एवढाच की मी काम झालं की हात धुतो."

त्या वर्षी एका मोठ्या लॅबने मशीन आणली. तोंडात छोटा कॅमेरा फिरवायचा, पडद्यावर दात दिसतो, आणि मशीन पांढऱ्या ठोकळ्यातून तो कोरून देते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. मशीनने दात कोरून किती जणांचं पोट रिकामं केलं ते तिलाच ठाऊक. एकामागून एक लॅबमधून माणसं कमी होऊ लागली. लिस्टवर त्याबद्दल कुणी उघड लिहीत नव्हतं, कारण नियम. पण प्रश्नांचा सूर बदलला. पूर्वी रोज लिहिणारे लोक गप्प झाले.

आणि मग ताईंकडे एक मेल येऊन थांबला. कुठल्याशा छोट्या लॅबचा मालक होता, लिस्टवर नवाच. 'सिरॅमिकचं काम येणारा कारागीर पाहिजे. हाताने काम करणारा. मशीन नाही.' बस, एवढंच.

ताईंनी तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. संध्याकाळी मास्तरांना फोन केला.

"नाही," मास्तर म्हणाले. ताईंचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच.

"मास्तर, लोकांच्या नोकऱ्या जातायत."

"ते मला कळतं पोरी. पण एक सोडलीस की दहा येतील. मग भट्टी विकणारे येतील, मग पावडर विकणारे. त्या सगळ्यात तडकलेल्या कॅपचा फोटो कोण बघणार? बाजार झाला की शाळा बंद पडते."

ताईंना ते पटलं. त्यांनी मेल तसाच ठेवला, ना मंजूर ना नामंजूर. पण नाकारणंही त्यांच्याच्याने होईना.

दोन दिवसांनी लिस्टवरच्या एका जुन्या बाईंचा मेल आला, फक्त ताईंना. या बाई रंग जुळवण्यात पटाईत. ताईंनी त्यांच्याकडून पुष्कळ शिकून घेतलं होतं. त्यांनी लिहिलं होतं: 'ताई, आमचा अख्खा विभाग बंद झाला. तुमच्या लिस्टवर रोज रंग कसा जुळवायचा ते वाचते. जुळवायला माझ्यापुढे दातच नाहीत. दात आहेत तर चणे नाहीत ऐकलं होतं, आमचे तर दातही गेले आणि चणेही गेले. कुणाला माणूस हवा असेल तर कळवाल का?'

ताईंचा हात थांबलेल्या मेलकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, लॅबला निघायच्या आधी, चहा निवत असताना त्यांनी 'मंजूर' दाबलं. मास्तरांना सांगितलं नाही.

ताईंच्या शेजारच्या टेबलावर घुम्या बसायचा. खरं नाव वेगळं, पण सगळे घुम्याच म्हणायचे, कारण दिवसभरात त्याच्या तोंडून 'हो', 'नाही' आणि 'बघू' यापलीकडे काही निघत नसे. हात मात्र बोलके. ताईंनीच त्याला शिकवलं होतं. धातूवरचं आणि सिरॅमिकवरचं घासकाम बहुतेक त्याच्याकडेच असायचं, आणि घासताना जी पिठासारखी धूळ उडते ती त्याच्या भुवयांवर, कॉलरवर, डब्याच्या झाकणावर बसलेली असायची. तळघराला एकच खिडकी, तीही छताजवळ. तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे. गेले काही महिने घुम्याला खोकला होता. ताई म्हणायच्या, "दाखव रे कुणाला तरी." तो म्हणायचा, "बघू."

त्या दिवशी चहाच्या सुट्टीनंतर ताईंचा फोन थरथरला. डॉक्टर लोक रंगाबद्दल विचारायला त्यांना फोन करत, म्हणून टेबलावर फोन ठेवायची मुभा लॅबमध्ये त्यांना एकट्यांनाच होती. लिस्टवर मेल आला होता. पाठवणाऱ्याचं नाव वाचून ताईंना आधी बरंच वाटलं. घुम्याने लिस्टवर पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं! इतक्या वर्षांचा सभासद, म्हणून मेल थेट गेला होता. मग त्यांनी वाचलं.

'नमस्कार. जाहिरात वाचली. मला ही नोकरी हवी आहे. सध्या जिथे आहे तिथे काम चांगलं शिकलो, पण घासकामाची धूळ ओढून घेणारा पंखा इथे नाही. मालकांना दोनदा सांगितलं. म्हणाले, मास्क लाव. मला खोकला लागला आहे. बायको म्हणते सोड. मी विचारल्याचं कृपा करून कुणाला सांगू नये.'

ताईंच्या हातातलं मेणाचं हत्यार दिव्याच्या काचेवर आपटलं.

घुम्याने जाहिरात देणाऱ्याला उत्तर दिलं होतं. निदान त्याला तसं वाटलं होतं. उत्तर सगळ्यांना गेलं होतं, आणि त्या सगळ्यांत त्यांच्या लॅबचे मालकही होते. मालकही मास्तरांचेच विद्यार्थी. एके काळी ताईंच्या शेजारीच बसून कवळ्या घासायचे. आता स्वच्छ शर्टात वावरत असले तरी लिस्टवरून त्यांनी आपलं नाव काढलेलं नव्हतं.

ताईंनी घाईघाईने लिस्टच्या साठ्यातून तो मेल पुसला. त्याने काय होणार? लोकांच्या डब्यात पडलेलं पत्र थोडंच परत येतं. तेवढ्यात कुणा वात्रटाने उत्तर टाकलं, तेही सगळ्यांना: 'सांगत नाही हो कुणालाच!' मग दुसऱ्याने त्याला झापलं, तेही सगळ्यांना. फोन थरथरतच राहिला. आणि शेजारी घुम्या शांतपणे एक दाढ घासत बसला होता. चाक फिरत होतं, धूळ उडत होती. त्याला काहीच माहीत नव्हतं.

सांगावं की नको? ताईंना वाटलं, मालक कुठे रोज मेल वाचतात. कदाचित कळणारही नाही. मग वाटलं, दुसऱ्या कुणाकडून कळलं तर? त्यांनी चाक बंद होण्याची वाट पाहिली आणि म्हणाल्या, "जरा जिन्यात ये."

जिन्यात त्यांनी त्याला फोन दाखवला. घुम्याने वाचलं. आपलंच लिहिलेलं पुन्हा वाचायला त्याला फार वेळ लागला. मग म्हणाला, "मालक आहेत ना लिस्टवर?"

"आहेत."

"वाचतात?"

"माहीत नाही रे."

"मी फक्त त्यांनाच पाठवलं होतं ताई. ज्यांनी मागितलं होतं त्यांनाच."

"माहितेय मला. चूक तुझी नाही. उत्तर सगळ्यांना जातं हे मला ठाऊक होतं. जाहिरात सोडताना माझ्या ध्यानातच आलं नाही."

त्याने फोन परत दिला. खाली जाऊन पुन्हा चाक सुरू केलं.

पुढचे दिवस ताईंनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. मालक जिना उतरले की त्यांच्या बुटांचा आवाज त्या पहिल्या पायरीपासून ऐकायच्या. मालक यायचे, एखादा ब्रिज हातात घेऊन उजेडात धरायचे, "डावीकडे जरा जास्त भरलंय" म्हणायचे आणि निघून जायचे. घुम्याकडे बघितलं तर ताईंना वाटायचं कळलं. नाही बघितलं तर वाटायचं, म्हणूनच बघत नाहीत. घुम्याने त्या दिवसांत दोन दात बिघडवले. आजवर त्याने कधी एकही बिघडवला नव्हता.

घरी जेवताना नवरा म्हणाला, "अगं, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला मी पहिलं काय सांगतो? उड्या मारू नका. उड्या मारून दार उघडत नाही, उलट दोर सुटायचा."

"अहो, अडकलाय तो. बटण मी दाबलंय."

नवऱ्याने भाताचं पातेलं ओढलं. त्याने आधी ताईंच्या ताटात वाढलं.

शेवटी मालकांनी ताईंना वर बोलावलं. टेबलावर मेल छापून ठेवला होता. मालकांनी तो स्वतः वाचलाच नव्हता. दुसऱ्या गावच्या कुणा हितचिंतकाने मुद्दाम पाठवून दिला होता, 'तुमच्या लॅबची कीर्ती पसरते आहे' अशा ओळीसकट.

"ताई, तुम्ही इथे माझ्या आधीपासून आहात," मालक म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यानेच ताईंना जास्त भीती वाटली. "तुमच्या लिस्टवर माझी अब्रू जाते आणि तुम्ही बघत बसता?"

"चुकून गेला तो मेल. मी लगेच पुसला."

"पुसून काय होतं? तुम्ही असं करा. लिस्टवर लिहा, की तक्रार खोटी आहे, त्या पोराने रागाच्या भरात लिहिलं. आणि यापुढे नोकरीच्या जाहिराती बंद. मास्तरांचा नियम होताच की. तो मोडलात म्हणून हे झालं."

शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून ते ताईंना लागलं. त्या म्हणाल्या, "जाहिरातींचं मी बघते. पण खोटी कशी लिहू? पंखा नाही हे तर..."

"तुम्ही पण नोकरी शोधताय का?"

या वयात, मशीनच्या दिवसांत, कोण ठेवणार होतं त्यांना? "विचार करून सांगते," एवढंच त्या म्हणाल्या, आणि जिना उतरताना स्वतःचीच लाज वाटली.

विचार पुरा व्हायच्या आधीच मालकांनी घुम्याला काढलं. कारण दिलं, काम कमी झालंय. घुम्याने आपली हत्यारं एका जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळली. ताई उठून उभ्या राहिल्या. तो म्हणाला, "येतो ताई," आणि गेला. खिडकीतून त्याचे बूट जाताना दिसले.

त्या आठवड्यातच ताई त्याच्या घरी गेल्या. दार बायकोने उघडलं. आत बोलावलं नाही.

"तो बाहेर गेलाय. काम बघायला."

"त्या जाहिरातवाल्यांकडे?"

"त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. म्हणाले, जिथे काम करतो तिथली धुणी चारचौघांत धुणारा माणूस नको." तिने दाराची कडी हातात धरून ठेवली होती. "आमचं असं आहे ताई, की त्याला बोलताच येत नाही. त्याने जन्मात एकदा मन मोकळं केलं, ते तुमच्या लिस्टने गावाला वाचून दाखवलं."

ताईंनी माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही चांगल्याच आहात हो. पण चांगुलपणाने काय करायचं आता?" आणि दार लागलं. जोरात नाही, हळूच.

तिथून ताई घरी न जाता थेट मास्तरांकडे गेल्या. मास्तर खुर्चीत बसून एक जुना प्लास्टरचा साचा बोटांनी चाचपत होते. आता डोळ्यांचं काम त्यांची बोटंच करायची. ताईंनी सगळं सांगितलं. मास्तर म्हणाले, "मी तुला आधीच म्हटलं होतं."

इतक्या वर्षांत ताई मास्तरांना कधी उलटून बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. "हो, म्हटलं होतं. पण मास्तर, माणूस लिस्टवर येतो तो पोट दाराबाहेर ठेवून येत नाही, छत्रीसारखं. घुम्याला आपण रंग शिकवला, थर शिकवले. तो खोकतोय हे विचारायला लिस्टवर जागाच ठेवली नाही."

"मग बाजार करायचा म्हणतेस?"

"नाही. पण सगळ्यांना विचारणार आहे."

मास्तरांची बोटं साच्यावर थांबली. "मला विचारायला आलीस की सांगायला?"

"सांगायला," ताई म्हणाल्या, आणि आपण हे बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं.

मास्तर रागावले की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. "मग उभी का? जा," म्हणाले.

ताईंनी लिस्टवर मेल टाकला. झाली ती चूक आपली, असं सरळ लिहिलं. 'तक्रार खोटी आहे' असं लिहिलं नाही; तक्रारीचा उल्लेखच केला नाही. आणि विचारलं: नोकरीच्या जाहिराती इथे असाव्यात की नसाव्यात?

लिस्ट नुसती पेटली. गप्प झालेले लोकही कुठून कुठून आले. एकाने लिहिलं, 'मी इथे शिकायला येतो. रोज दहा जाहिराती आल्या तर मी मेल उघडणंच सोडून देईन.' दुसऱ्याने लिहिलं, 'तुझी नोकरी शाबूत आहे म्हणून तुला शिकायला सुचतंय.' कुणी म्हणालं, मालक लोक इथे आहेत तोवर नोकरीची भाषा इथे नको, जीव जाईल एखाद्याचा. एका मालकाने लिहिलं, आम्हालाही चांगली माणसं मिळत नाहीत, आम्ही कुठे विचारायचं? दोघे तर दातओठ खाऊन एकमेकांच्या कामाचे जुने दोष काढू लागले; त्यांना ताईंनी खाजगीत दटावलं. ताई प्रत्येक मेल वाचायच्या आणि प्रत्येक वेळी त्यांना वाटायचं, याचंच बरोबर आहे.

वाट काढली ती रंग जुळवणाऱ्या बाईंनी. त्यांनी लिहिलं: 'दोन खोल्या करा. एकीत दात, एकीत नोकऱ्या. ज्याला नोकरी हवी तोच दुसऱ्या खोलीत जाईल. आणि तिथे दिलेलं उत्तर फक्त जाहिरात देणाऱ्याला जाऊ दे, बाकी कुणाला नाही. पण जाहिरात देणाऱ्यानेही चार गोष्टी लिहिल्याच पाहिजेत: काम काय, वेळ काय, पगार किती, आणि धूळ ओढणारा पंखा आहे की नाही. एखादी ओळ रिकामी असेल तर ताईंनी जाहिरात सोडू नये.'

कुणाचं सगळंच समाधान झालं नाही, पण बहुतेकांनी 'चालेल' म्हटलं. ताईंनी दुसरी लिस्ट उघडली. उत्तर खरंच एकालाच जातं का, हे त्यांनी नवऱ्याच्या, बहिणीच्या आणि स्वतःच्या पत्त्यावरून इतक्यांदा तपासलं की बहीण म्हणाली, "अगं, आता बास कर, मी दात बनवत नाही."

महिना-दीड महिना बरा गेला. लॅबमध्ये मालक ताईंशी कामापुरतं बोलत. मालकांनी मागितलेलं ताईंनी लिहून दिलं नव्हतं, आणि मालकांनी पुन्हा विचारलंही नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून दोघेही गप्प असतील. ताईंना मात्र रोज सकाळी वाटायचं, आज काढतील.

आणि एके दिवशी दुसऱ्या लिस्टवर एक जाहिरात येऊन थांबली. 'घासकामासाठी अनुभवी कारागीर पाहिजे.' काम लिहिलं होतं, वेळ लिहिली होती, पगार लिहिला होता. शेवटची ओळ रिकामी होती. पत्ता त्यांच्याच लॅबचा.

ताईंनी जाहिरात पुन्हा वाचली. सोडून द्यावी का? कोण विचारणार आहे? एक ओळ तर आहे. पण शेजारचं टेबल त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, त्यावरची धूळ कुणी पुसलीही नव्हती. त्यांनी दुसऱ्या कुणालाही जे लिहिलं असतं तेच लिहिलं: 'कृपया शेवटची ओळ भरून पुन्हा पाठवावी.' पाठवलं, आणि हात पदराखाली घट्ट धरून बसल्या.

दुपारी बुटांचा आवाज आला. या खेपेला पायऱ्या भराभर उतरल्या.

"माझी जाहिरात अडकली आहे म्हणे." मालकांनी हे सगळ्यांसमोर विचारलं. लॅबमधली चाकं एकेक करून बंद झाली.

"हो. एक ओळ राहिली आहे."

"माझ्या लॅबची जाहिरात माझ्याच लॅबची माणसं अडवणार?"

"तिथे मी तुमची माणूस नाही मालक," ताई म्हणाल्या. "इथे आहे. इथलं काम मी चोख करते. ती ओळ भरा, मी लगेच सोडते."

"काय भरू?"

"जे आहे ते."

मालक एक पाऊल पुढे आले. ताईंना वाटलं, आता आपलीही हत्यारं टॉवेलात. पण मालक घुम्याच्या टेबलाकडे वळले, त्यावरून एक बोट ओढलं, बोटाकडे पाहिलं, खिशातल्या रुमालाला पुसलं आणि वर गेले.

दुसऱ्या दिवशी जाहिरात परत आली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'नाही.' ताईंनी ती त्याच मिनिटाला मंजूर केली.

त्या जाहिरातीला कुणी उत्तर दिलं की नाही ते ताईंना कळायचा मार्गच नव्हता. उत्तरं फक्त मालकांना जात होती. पण घासकामाचं टेबल रिकामंच राहिलं. डॉक्टर वरून उशिराबद्दल कुरकुरू लागले. मग एक दिवस एक मिस्त्री येऊन खिडकीचं माप घेऊन गेला. काही दिवसांनी खिडकीत पंखा आणि दोन टेबलांवर धूळ ओढायचे पाइप बसले. ताईंच्या टेबलावर नाही. ते पुढच्या खेपेला, असं मालकांनी सांगितलं. ती पुढची खेप यायला वर्ष लागलं. नवरा म्हणाला, "निदान खेप आली तरी."

घुम्या बरेच महिने रिकामा होता. मध्ये कुठे गोदामात काम केलं, मध्ये काहीच नाही. ताईंनी त्याच्यासाठी ओळखीच्या सगळ्या लॅबमध्ये दातांच्या कण्या केल्या, पण त्याचा तो मेल सगळ्यांनी वाचलेला होता. ताईंच्या अपराधी मनाला त्या काळात कुणी कितीही समजावलं तरी उपयोग नव्हता, आणि त्यांनीही स्वतःला समजावायचा फारसा प्रयत्न केला नाही.

त्याला काम मिळालं ते त्या दुसऱ्या लिस्टवरूनच, एका लांबच्या गावात, दात बनवायला शिकवणाऱ्या शाळेच्या कार्यशाळेत. ताईंनी ती जाहिरात रोजच्यासारखी चारही ओळी तपासून सोडली होती; तिला उत्तर कुणी दिलं हे त्यांना ठाऊक नव्हतं. कळलं ते घुम्याचा फोन आला तेव्हा.

"ताई, मी बोलतोय."

ताई खुर्चीत बसल्या. "कसा आहेस? खोकला?"

"आहे. कमी आहे." त्याने घसा साफ केला. "मुलांना मी हात दाखवतो, ते बघतात. पण ते विचारतात, का? असंच का? मला सांगता येत नाही. तुम्ही एक दिवस याल का? रंगाबद्दल बोलायला."

"मी? वर्गासमोर?"

"बायकोनेच सुचवलं. म्हणाली, ताईंना बोलाव. राहायला आमच्याकडेच."

ताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "येईन."

फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. नवऱ्याने विचारलं, काय झालं? त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, "अरे वा, चांगलं झालं की!"

"चांगलं काय झालं? एवढ्या मुलांसमोर उभं राहायचं, बोलायचं काय? आणि साडी कुठली नेसू? आणि स्टेशनवर न्यायला येणार तो घुम्याच, तो काही बोलणार नाही, मी काही बोलणार नाही..."

नवऱ्याने पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. ताईंनी तो घेतला आणि रंगांचे नमुने कुठले न्यायचे ते बोटांवर मोजायला लागल्या.